झीज

कॉलेज म्हणजे दोन इमारती
आणि त्यांच्या चौपट पार्किंग.
मोठं विद्यापीठ इथून दीडशे मैल लांब.
फाटकावर नाव त्यांचं,
खाली बारीक अक्षरांत आमचं गाव.

मंगळवार, गुरुवार. सहा ते पावणेदहा.
सप्टेंबरात अकरा जण होतो, आता सात.
ओबी ट्रुअॅक्स, एकोणीस वर्षांचा,
रोज कॅल्क्युलेटर गाडीत विसरतो.
डेल्फीन राउश वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून थेट येते,
तिच्यानंतर मायक्रोमीटर हातात घेतला
की कांद्याचा वास येतो.
आणि मी, बेचाळीस.
पहिल्या दिवशी ओबीनं मलाच विचारलं होतं,
"मॅडम, हजेरी घेणार का?"

इंजिनिअरिंग नव्हे, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी.
फरक काय, बहीण दर थँक्सगिव्हिंगला विचारते.
मी सांगते, ते कागदावर पूल काढतात,
आम्ही विचारतो, त्या बोल्टपर्यंत पाना पोचणार कसा?
ती म्हणते, आणि पगार?
मी बटाटे वाढते.

कोपऱ्यातलं लेथ देणगीतलं.
बर्डसॉल व्हॉल्व्ह कंपनी बंद पडली
तेव्हा कॉलेजला हे लेथ मिळालं, पितळी पाटीसकट.
माझ्या बापाला मिळालं एक पत्र
आणि डब्यातलं हॅम.

स्टँको सर म्हणाले, हे लेथ खोटं बोलतं.
सगळीकडे नाही. चकपासून आठ इंचांवर.
एकच जॉब, व्हॉल्व्हचा दांडा,
तीन पाळ्या, एकतीस वर्षं,
गाडा तेवढ्याच वीतभर जागेत मागेपुढे.
पलीकडचा बेड बघा,
घासणाऱ्याच्या हातची नक्षी अजून तशीच आहे.
आधी झीज मोजा, मग कामाला लागा.

डायल लावला. काटा जागचा हलेना,
मग हलला. दोन. तीन. साडेचार.
साडेचार हजारांश इंच,
डोक्यावरच्या एका केसाहून जरा जास्त.
एकतीस वर्षांत एवढंच.
बीड आहे हे, चंदन नाही.
झिजताना वास सुटत नाही
आणि कुणी कपाळाला लावत नाही.

टेलस्टॉकखालचं जुनं तेल पुसताना
चिंधीला काहीतरी अडखळलं.
कोरलेली अक्षरं. आर. के.
क्षणभर मला तिथं बापाचं नाव हवं होतं,
पण बाप पॅकिंगला होता,
लेथला त्याचा हातही लागला नसेल.

आर. के. म्हणजे रोलिन केक.
सत्त्याऐंशीच्या संपात फाटक ओलांडून आत गेलेला.
आमच्या घरात त्याचं नाव
फक्त दार आपटण्याआधी निघायचं.
गल्लीपलीकडून त्याची शवपेटी निघाली
त्या दुपारी बाप गवत कापत बसला,
कापून झालेलंच पुन्हा.

तर हा वीतभर खड्डा त्याचा.
तिथं पोचलं की टूल खचतं, दांडा जाड राहतो.
मी हँडल किंचित आत घेते,
अंदाजानं नाही, मोजून,
पुढं सरकलं की पुन्हा बाहेर.
पहिले दोन दांडे भंगारात गेले.
तिसऱ्यापासून त्या लेथशी माझं सूत जुळलं,
म्हणजे साडेचार हजारांशाचं अंतर ठेवून.

स्टँको सरांनी दांडा तीन ठिकाणी मोजला.
काही बोलले नाहीत.
वहीत आकडा लिहिला आणि दांडा
स्वतःच्या टेबलावर ठेवला.

बाहेर काचांवर बर्फ.
डेल्फीनची गाडी सुरू होईना,
सातातले पाच बॉनेटखाली वाकलो,
ओबीनं बॅटरीचं टोक घासायला
परीक्षेची नोटीस फाडली.

घरी बाप जागा होता,
नाकात ऑक्सिजनची नळी, टीव्हीचा आवाज बंद.
काय केलंस आज?
दांडा.
मापात?
अर्ध्या हजारांशात.
कुठल्या मशीनवर?
जुन्या.
तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला,
नखांतल्या काळ्या तेलाकडे.
बर्डसॉलचं?

मी म्हटलं, पाटी वाचली नाही,
आणि साबण शोधायला गेले.